शेवटचा डबा आला नाही तो रविवार

नमस्कार मंडळी.

माझ्या मुलीनं मला या ग्रुपमध्ये घातलं आणि म्हणाली, "बाबा, तुमचा तो सिनेमाचा किस्सा लिहा इथे." लिहिण्याआधी म्हटलं, इतरांचं वाचून घ्यावं. वाचलं. राग मानू नका, पण तुमच्या भुतांचा मला थोडा कंटाळा आला. सगळ्यांना पांढरीच साडी, सगळ्यांना वडच लागतो, आणि सगळी अमावस्येलाच ड्युटीवर! दिवसा काम करणारं एकही नाही...

मी स्वतः या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आमचं घर मूळचं वांकिडीचं. वडील शिक्षक. घरात देव्हारा नाही, अंगारा नाही, दारावर लिंबू-मिरची नाही. गावातल्या एका चिंचेवर हडळ आहे असं कुणी म्हणालं की वडील आम्हा भावंडांना त्याच चिंचेखाली बसवून पाढे म्हणायला लावायचे. हडळ दिसली नाही, पण सतराचा पाढा अजून धडाधड येतो. पुढं मी आदिलाबादला पाटबंधारे खात्यात कारकून झालो. तिथंही पाणी न सोडता कागदावर सोडलेलं पाहिलं, पण त्याला अमानवीय म्हणता येत नाही.

तरीही एक रविवार असा आहे की त्यापुढं मी हात टेकले आहेत. आणि तो सकाळचा आहे, भर उजेडातला, दीडशे माणसांच्या साक्षीनं. म्हणून लिहितो.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. तेव्हा आमचा जिल्हा आंध्र प्रदेशात होता. आदिलाबादला कापूस मार्केटकडून स्टेशनकडं जाताना एक टॉकीज होतं — त्याला 'चांदणी' म्हणू या, खरं नाव लिहीत नाही, मालकाची मुलं अजून गावात आहेत आणि तापट आहेत. पत्र्याचं छप्पर, पुढं बाकं, मागं खुर्च्या, वर बाल्कनी. डाव्या बाजूला कमरेइतकी भिंत घालून लेडीजसाठी वेगळी जागा. भिंतीवर पंखे असे घरघरायचे की हिरॉइन हळू आवाजात बोलली तर तिचं म्हणणं तिच्याजवळच राहायचं.

या टॉकीजमध्ये आमचं 'रविवार मंडळ' चालायचं. कॉलेजचे राव सर त्याचे प्रमुख. मूळचे वरंगलकडचे, पण आदिलाबादेत इतकी वर्षं काढलेली की तेलुगू, उर्दू आणि मराठी ही एकच भाषा आहे असं समजून बोलायचे. रविवारी सकाळी टॉकीज रिकामंच असायचं, महिन्यातून एकदा मालक ते आम्हाला द्यायचा. आम्ही कुठून कुठून चांगले सिनेमे मागवायचो — बंगाली, मल्याळी, कधी परदेशीसुद्धा. सिनेमा झाला की चर्चा. चर्चेनंतर बाहेर मिरची भजी. खरं सांगायचं तर निम्मी मंडळी भज्यांसाठी यायची, पण चर्चेत तीच जास्त बोलायची.

आता या सिनेमांची भाषा आमच्यापैकी कुणालाच कळायची नाही. खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती वाचेवाचेपर्यंत पळून जायची. म्हणून मंडळानं एक पद्धत पाडली होती. पडद्याच्या बाजूला माईक घेऊन एक जण उभा राहायचा आणि ती अक्षरं वाचून, चालत्या सिनेमाबरोबर, लोकांना सांगायचा — एक वाक्य मराठीत, एक हिंदीत, मध्ये आठवेल तसं तेलुगू. तो सांगणारा म्हणजे मी. इंग्रजी बरं होतं आणि आवाज खणखणीत होता, म्हणून माझी नेमणूक. कल्पनाशक्ती वगैरे मला नाही. पडद्यावर लिहिलंय तेवढंच बोलायचं, एवढं माझं काम. हे लक्षात ठेवा, कारण नंतर सगळ्यांनी माझ्यावरच आळ घेतला.

चर्चेचे दोन नियम राव सरांनी घातलेले. पहिला, 'छान होता' असं म्हणायचं नाही. 'त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं' ते सांगायचं. दुसरा, पहिला शब्द लेडीजचा. कारण पुरुष एकदा सुरू झाले की जेवायची वेळ निघून जायची. नियम चांगला होता, पण लेडीजच्या बाजूनं कधी कुणी बोललं नव्हतं. राव सर दर वेळी माईक भिंतीवरून पलीकडं धरायचे, पलीकडून बांगड्यांचा आवाज आणि खुसखूस यायची, मग सर "सरे, सरे" — तेलुगूत 'बरं, बरं' — म्हणत माईक परत घ्यायचे.

आता माझ्या मोठ्या बहिणीबद्दल. तिला आम्ही अक्का म्हणतो. वांकिडीच्या आमच्या घरात सगळ्यांत हुशार तीच. शिक्षिकेचं ट्रेनिंग केलेलं. लग्न झालं, आणि वर्षभरात भावजी "काम पाहून येतो" म्हणून भिलाईकडं गेले, ते गेलेच. मेले-बिले नव्हते, कुणा ना कुणाला दिसायचे, निरोप यायचा — दसऱ्याला येतो. कुठल्या दसऱ्याला ते मात्र कधी सांगायचे नाहीत. अक्का माझ्याकडं आदिलाबादला राहायला आली. तिची ट्रंक कॉटखाली कायम भरलेली असायची. भावजी न्यायला आले तर उशीर नको म्हणून. त्यातलं लुगडं काढायची, नेसायची, धुवायची, घडी करून पुन्हा ट्रंकेत. संध्याकाळी चंद्रपूरकडून बस यायच्या वेळेला ओट्यावर तांदूळ निवडत बसायची. इतके तांदूळ निवडले जायचे की आमच्या घरी कधी खडा लागला नाही. माझी बायको म्हणायची, "अक्का, उद्याचे पन निवडून झाले, आता परवाचे राहू द्या." अक्का हसायची, पण उठायची नाही.

त्या वर्षी तिला नोकरीची ऑर्डर आली. नार्नूरला मुलींची शाळा आणि वसतिगृह, तिथं शिक्षिका. मी पेढे आणले. अक्का म्हणाली, "मी नाई जात."

"काऊन?"

"मी तिकडं असली आन् हे इकडं आले त?"

"आले त बसतील. मी सांगीन ना, नार्नूरले हाये म्हून."

"तुले नाई समजत, रमेश्या. बाई घरी नाई दिसली त मानूस परत जाते."

मानूस आलाच नाही तर परत कसा जाईल, हे माझ्या जिभेवर आलं होतं. बायकोनं डोळे मोठे केले, मी पेढा खाल्ला. शिक्षण खात्याच्या ऑफिसमधून कळलं होतं की सोमवारी हजर झाली नाही तर जागा दुसरीला जाईल. शनिवारपर्यंत मी सगळं करून पाहिलं — समजावलं, रागावलो, राव सरांना घरी बोलावून त्यांच्या तीन भाषांत समजवायला लावलं. अक्का तांदूळ निवडत राहिली. मला रात्री झोप लागेना. माझ्या डोळ्यांसमोर तिचं सगळं आयुष्य त्या ओट्यावर बसलेलं दिसायचं, आणि मला तिचा राग यायचा आणि रडूही यायचं.

रविवारी सकाळी विहारातून वंदना करून आलो आणि बायको म्हणाली, "अक्का, चला आज सिनेमाले. घरी बसून तरी काय करता?" का कोण जाणे, अक्का तयार झाली.

मी पुढं टॉकीजला गेलो तर आमचे ऑपरेटर हबीबभाई दारातच कपाळाला हात लावून उभे. सिनेमाच्या रिळांचे डबे रेल्वेनं यायचे. सगळे आले होते, फक्त शेवटचा नव्हता. गाडी बदलताना मधल्या कुठल्यातरी स्टेशनात राहिला असावा.

"मियाँ, पिच्चर कैन्सल करो," हबीबभाई म्हणाले. "बगैर आखरी के क्या दिखाते? पब्लिक मेरेकू मारती."

कुठल्याही शहाण्या मंडळानं शो रद्द केला असता. पण राव सरांचे डोळे चमकले. "अरे, हे तर बहुत अच्छा झालं! लास्ट रील नाही ना? चर्चा तिथूनच सुरू करायची. पुढं काय होणार ते पब्लिकच सांगेल. ऐसा प्रोग्राम हैदराबाद में भी नहीं हुआ!" अशी बुद्धी फक्त आमच्याच मंडळाला होऊ शकते. ठरलं असं की आलेल्या डब्यांतला शेवटचा संपला की हबीबभाई मशीन बंद करतील, मी माईकवरून जाहीर करेन की सिनेमा इथवरच आला आहे, आता शेवट तुम्ही करा.

सिनेमा काळा-पांढरा होता. कुठला ते लिहीत नाही. नदीकाठचं गाव. एका बाईचा नवरा कामाला म्हणून शहरात गेलेला. ती रोज संध्याकाळी त्याच्या वाटणीचा भात ताटात वाढून, झाकून ठेवते. सकाळी तोच शिळा भात स्वतः खाते. वर्षं जातात. नावा येतात, नावा जातात.

मला सिनेमाची ही गोष्ट आधी माहीत नव्हती, हे शपथेवर सांगतो. पलीकडं लेडीजमध्ये अक्का बसलेली, आणि मी माईकवरून खणखणीत आवाजात सांगतोय — "ती म्हणते, आज नाही तर उद्या येतील... वो बोलती, आज नहीं तो कल आयेंगे..." एकदा वाटलं, काहीतरी दुसरंच सांगावं. पण मला ते जमत नाही, मगाशी म्हटलंच.

असं करत तो शेवटचा आलेला डबा संपत आला. पडद्यावर बाई दारात बसलेली, ताट झाकलेलं. त्या ठिकाणी चित्र थरथरलं, पडदा क्षणभर काळा झाला. मी घसा खाकरला आणि "मंडळी..." एवढं म्हटलं — तोच पडदा पुन्हा उजळला.

मला वाटलं, डबा सापडला! हबीबभाईंना धावपळीत सांगायला वेळ मिळाला नसेल. मी आपला पुढं सांगत राहिलो.

पडद्यावर सकाळ झाली. बाई उठली, तिनं ताटावरचं झाकण काढलं. भाताकडं बराच वेळ पाहिलं. मग ते ताट उचलून अंगणात ठेवलं. कुठून तरी एक बकरी आली, लंगडी, आणि भात खायला लागली. बाई बकरीकडं पाहून हसायला लागली — अख्ख्या सिनेमात पहिल्यांदा. टॉकीजमध्येही हशा पिकला. मग तिनं दाराला कडी लावली, बोचकं उचललं आणि नदीकडं निघाली. शेजारीण धावत आली. खाली अक्षरं आली, मी वाचली:

"शेजारीण विचारते, तो आला तर काय सांगू?"

बाई नावेत पाय टाकता टाकता वळली. मी वाचलं:

"सांग त्याला, चूल तिथंच आहे."

मंडळी, टॉकीजमध्ये शिट्ट्या वाजल्या. आमच्या मंडळाच्या इतिहासात कलात्मक सिनेमाला शिट्टी पहिल्यांदा पडली. नाव निघाली, पाणी चमकलं, त्या भाषेतली 'समाप्त'ची असावीत अशी अक्षरं आली, आणि दिवे लागले.

राव सर माईक घेऊन लेडीजच्या भिंतीपाशी गेले. त्यांनाही डबा सापडला असंच वाटलं होतं. शेवट पब्लिककडून करून घ्यायचा राहिला म्हणून चेहरा जरासा पडलेला. "अम्मा, अक्का, कुणीतरी बोला. तिच्या जागी तुम्ही असत्या तर?" बांगड्या वाजल्या, खुसखूस झाली. सर सवयीनं "सरे, सरे" म्हणून माईक मागं घेणार, तेवढ्यात एक हात आला आणि त्यानं माईक धरला. अक्का उभी होती.

मला आधी कळलंच नाही की ती माझी बहीण आहे. इतकी वर्षं तिला बसलेलीच पाहिली होती.

"तिनं लई उशीर केला," अक्का म्हणाली. आवाज माईकमध्ये फाटत होता. "एवढ्या वर्साचा भात शिळा करून खाल्ला. पन गेली ते बेस केलं. आन् तुमी इचारता तिच्या जागी मी असती त..." पंखे घरघरत होते. "मी उद्या नार्नूरले जाऊन राह्यली."

लोकांना नार्नूरचा काय संबंध ते काडीचंही कळलं नाही. पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाकावरच्या लोकांनी तर बाकं वाजवली. मी पडद्याच्या बाजूला उभा राहून लहान पोरासारखा रडलो आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

चर्चा त्या दिवशी फार रंगली. एक जण म्हणाला की बकरी लंगडी का दाखवली, त्याला काहीतरी अर्थ असणार. दुसरा म्हणाला, नावाड्यानं डोक्याला बांधलेला गमछा फाटका होता. तिसऱ्यानं विचारलं, बाईनं कडी लावली पण कुलूप का नाही लावलं? यावर एवढं भांडण झालं की भजी थंड झाली.

लोक गेले. अक्का आणि बायको घरी गेल्या, ट्रंक बांधायला — ट्रंक तर बांधलेलीच होती, पण तरीही. मी आणि राव सर दारात उभे होतो. वरून हबीबभाई जिना उतरून आले. चेहरा त्रासलेला.

"क्या मियाँ, इत्ती देर अँधेरे में क्या बातां कर रए थे?"

"कैसा अँधेरा? डबा कब मिला आपको?"

"कौनसा डबा?"

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांचं म्हणणं असं: आलेला शेवटचा डबा संपला, त्यांनी ठरल्याप्रमाणे मशीन बंद केलं. मी माईकवर "मंडळी" म्हणालो ते त्यांनी ऐकलं. मग मी बोलतच राहिलो, म्हणून त्यांना वाटलं जाहीर करणं चाललंय. त्यांनी विडी पेटवली आणि जिन्यात जाऊन बसले. मध्ये हसणं ऐकू आलं, शिट्ट्या ऐकू आल्या. त्यांना वाटलं, पब्लिक शेवट जुळवतेय, रंगात आलीय. बराच वेळ झाल्यावर त्यांनी खाली दिवे लावायला सांगितलं.

राव सर वर पळाले, मी मागोमाग. मशीन गार होतं. डबे ओळीनं ठेवलेले, शेवटच्याची जागा रिकामी. राव सर खुर्चीवर बसले आणि बराच वेळ फक्त तेलुगूत बोलले.

मंगळवारी तो डबा आला. त्यावर मधल्या स्टेशनचा शिक्का होता, रविवारी तो तिथंच पडून होता. आम्ही तिघांनी टॉकीज बंद करून तो लावून पाहिला. बाई दारात बसलेली. मग तिचे केस पांढरे होतात. ताट झाकलेलं. एक नाव येते, न थांबता निघून जाते. समाप्त. बकरी नाही, शेजारीण नाही, काही नाही. हबीबभाई फक्त एवढंच म्हणाले, "आपा चले गए क्या नार्नूर?"

गेली होती. सोमवारी सकाळच्या बसनं. मी सोडायला गेलो होतो. ट्रंक टपावर चढवली आणि बस सुटताना माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "अक्का, भावजी आले त काय सांगू?" ती खिडकीतून माझ्याकडं बघायला लागली, आणि मग आम्ही दोघंही एवढे हसलो की कंडक्टरला वाटलं, कुणीतरी पडलं.

आता तुम्ही म्हणाल तेच राव सरही म्हणाले — "रमेश, तूच सांगितलंस. तू इतकं छान सांगितलंस की लोकांना दिसलं." मला मान मोठा मिळतोय, पण तो माझा नाही. मी बकरीबद्दल अवाक्षर बोललो नव्हतो. माझं काम अक्षरं वाचायचं, बकरी काही बोलली नव्हती. लंगडी, फाटका गमछा, कुलूप न लावणं — हे लोकांनी पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं. आणि माझी बायको! ती कुठल्याही सिनेमात पहिल्या गाण्याला झोपते. या सिनेमात गाणंच नव्हतं म्हणून आधीच झोपली होती. हशा झाला तेव्हा दचकून उठली आणि तिनं पहिल्यांदा पाहिली ती बकरी. माझा आवाज तिनं ऐकलाच नव्हता — तसा तो ती घरीही ऐकत नाही. हबीबभाईंनी दुसऱ्याच सिनेमाचा तुकडा लावला असं म्हणावं, तर बाई तीच, घर तेच, ताटसुद्धा तेच. आमच्या डॉक्टर मित्रानं सांगितलं की याला सामूहिक भ्रम म्हणतात. म्हणू देत. नाव ठेवलं म्हणजे मूल कुणाचं ते कळत नाही.

भावजी पुढच्या उन्हाळ्यात खरंच आले. चहा प्याले, अक्का कुठं विचारलं. बायकोनं सांगितलं, नार्नूरला शिक्षिका आहेत. नार्नूरची बस कधी, विचारलं. मी त्यांना बसस्टँडवर सोडून आलो. नंतर ते कुठल्या बसमध्ये बसले मला माहीत नाही, नार्नूरला काही पोचले नाहीत.

आम्ही तिघांनी डब्याची गोष्ट अक्काला सांगितली नाही. ती तिकडं रमली होती. गोंड, लमाणी, मराठी पोरींचा गोतावळा तिच्याभोवती. सुट्टीला आली की आवाज अख्ख्या गल्लीत. मला भीती वाटायची की खरं कळलं तर तिला वाटेल, आपण कशाच्या भरवशावर घर सोडलं? नसलेल्या गोष्टीच्या?

काही वर्षांनी टीव्हीवर रविवारी दुपारी इतर भाषांतले सिनेमे दाखवायला लागले. एका शनिवारी पेपरात पाहतो तर उद्या तोच सिनेमा! आणि नार्नूरच्या वसतिगृहात नुकताच टीव्ही आलेला. मी रविवारी सकाळी निघालो, की आधी गाठून तिला सांगावं. उटनूरच्या पुढं बस बंद पडली. पोचलो तेव्हा पोरी वऱ्हांड्यात टीव्हीपुढं दाटीवाटीनं बसलेल्या, मध्ये खुर्चीत अक्का, आणि पडद्यावर म्हातारी झालेली बाई दारात. नाव आली. नाव गेली. समाप्त.

अक्का टीव्हीकडं बघत होती. मग मान वळवून मला म्हणाली, "रमेश्या, पाह्यलं? मेल्यायनं शेवट कापला."

पोरी ओरडायला लागल्या, "मंग काय होते बाई? सांगा ना!" अक्का उठली, टीव्हीच्या बाजूला उभी राहिली आणि सांगायला लागली. पोरी तोंडाचा आ करून ऐकत होत्या. मधेच एकजण हसून दुसरीवर पडली. मी भिंतीला टेकून ऐकत राहिलो. ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं सांगते.

पोरी जेवायला पळाल्यावर मी तिला सगळं सांगून टाकलं. डबा आलाच नव्हता, मशीन बंद होतं, मंगळवारी आम्ही पाहिला तो शेवट आजच्यासारखाच होता. ती ऐकत होती. मी म्हणालो, "अक्का, तू जे पाह्यलं ते नव्हतंच तिथं. कोनी बनवलंच नाई ते. मंग आपल्याले दिसलं कसं?"

हे कोडं मला आजही सुटलेलं नाही. राव सर गेले, हबीबभाई गेले, टॉकीजच्या जागी दुकानं झाली. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, फक्त मंगळवार आणि बकरी दोन्ही लक्षात घेऊन लिहा. अक्काकडून उत्तराची अपेक्षा सोडा. त्या दिवशी तिनं माझ्याकडं, सोपं गणित चुकवलेल्या पोरीकडं बघावं तसं पाहिलं होतं.

"कोनी बनवलं नाई कसं?" ती म्हणाली. "मी नाई का गेली?"

आणि पोरींना वाढायला निघून गेली.